‘पित्त उठलंय’ एवढ्यावर थांबू नका

संपादक महोदय,


आपल्या आरोग्य पुरवणीतील अंगावर उठणाऱ्या पित्तावरचा लेख वाचला. आमसुलाचे पाणी लावा, जागरण टाळा, मन शांत ठेवा, हे त्यातले सल्ले चुकीचे नाहीत. पण काहींचे पित्त गांधींवर थांबत नाही, ते रक्तदाबही खाली ओढते. त्यांच्याविषयी लेखात एक ओळही नव्हती. आमच्या घरात पाच वर्षे त्या एका ओळीचा शोध चालला होता, म्हणून हे पत्र.

‘पित्त’ हा शब्द आपण कशालाही लावतो. छातीत जळजळले तर पित्त, डोके दुखले तर पित्त, उलटी झाली तर पित्त, अंगावर चट्टे उठले तरी पित्तच. आजाराला नाव मिळाल्याचे समाधान होते आणि पुढचे विचारणे बंद पडते.

माझी मुलगी २९ वर्षांची आहे. पाच वर्षांपूर्वी एका रात्री पाठ दुखते म्हणून तिने वेदनाशामक गोळी घेतली. वीस मिनिटांत तळहात खाजू लागले, चेहरा लालबुंद झाला, पोटात कळ आली आणि ती न्हाणीघराच्या दारातच कोसळली. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा वरचा रक्तदाब ७० होता. मांडीत अ‍ॅड्रेनालिन दिले आणि ती वाचली. त्या रात्रीच्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. सकाळी रक्त, साखर, ईसीजी सगळे नॉर्मल आले. डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते, ‘अ‍ॅलर्जी, घबराट?’

ते प्रश्नचिन्ह पुढच्या दवाखान्यात गळून पडले आणि ‘घबराट’ तेवढी उरली. आणखी तीन वेळा असेच झाले. मधल्या काळात महिनोन्‌महिने गांधी, सकाळी आखडणारी बोटे, आणि थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे वाढलेली. त्वचेची फाइल वेगळी, थायरॉइडची वेगळी, सांध्यांची वेगळी, पोटाची वेगळी. शेवटी मनोविकारतज्ज्ञांकडेही गेलो. ‘हिचा आजार मनाचा नाही, शरीरात शोधा’ असे स्पष्ट सांगणारे ते पहिले डॉक्टर.

तसे शोधत गेल्यावर कळले, ज्या पेशींचा हा खेळ आहे त्यांना मास्ट पेशी म्हणतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. कणांनी गच्च भरलेल्या पाहून त्याला त्या खाऊनपिऊन धष्टपुष्ट झाल्यासारख्या वाटल्या, त्यावरून हे नाव पडले. त्वचा, आतडी, श्वासनलिका, रक्तवाहिन्यांच्या कडा अशा ठिकाणी त्या पहारा देतात. त्या एकदम फुटल्यासारख्या रित्या झाल्या की हिस्टामिन, ट्रिप्टेज आणि इतर रसायने बाहेर पडतात. म्हणून एकाच वेळी अंग खाजते, पोट बिघडते, श्वास लागतो, रक्तदाब पडतो.

त्या का बिथरतात, याची कारणे अनेक आहेत. कधी ‘किट’ जनुकात बदल होऊन या पेशीच वाढतात, तो मास्टोसायटोसिस. कधी शरीराची स्वतःविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे या पेशींवरचीच कळ दाबतात. दीर्घकाळच्या गांधींच्या बऱ्याच रुग्णांत हेच घडते. रक्तातली आयजीई ही प्रतिपिंडे एकूण कमी आणि थायरॉइडविरुद्धची अँटी-टीपीओ प्रतिपिंडे जास्त, ही त्याची एक खूण. रुग्णाचेच सिरम त्याच्या हाताच्या कातडीत टोचून अर्ध्या तासाने गांध येते का, ही तपासणी तर साध्या सोयींतही होते. माझ्या मुलीच्या हातावर आली. सुटे वाटणारे थायरॉइड आणि त्वचा हे धागे त्या दिवशी प्रथमच एकत्र बघितले गेले.

पण रक्तदाब पडण्याच्या झटक्यांचे काय? ज्या तज्ज्ञांकडे पोहोचलो होतो त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “झटक्याच्या वेळचे ट्रिप्टेज आहे का?” चार झटके, चार रुग्णालये, आणि एकाही ठिकाणी ते घेतलेले नव्हते. रक्तातले ट्रिप्टेज साधारण दोन तासांत निम्मे होते. दुसऱ्या दिवशी शोधायला गेलात तर पुरावा पुसलेला असतो.

पाचव्या वेळी मी सिस्टरांना विनंती केली. अ‍ॅड्रेनालिन देऊन मुलगी सावरल्यावर त्यांनी रक्ताचा एक प्लेन बल्ब, म्हणजे साधी नळी, भरला आणि चिकटपट्टीवर वेळ लिहिली, रात्री २.४०. झटका येऊन दीड तास झाला होता. रिपोर्ट आला १०.४. प्रयोगशाळेची वरची मर्यादा ११.४, त्यामुळे आकडा ठळक नव्हता, पुढे खूणही नव्हती. मला रडू आले, पुन्हा नॉर्मलच! डॉक्टरांनी मात्र तिचा बरी असतानाचा आकडा काढला, ५. रिपोर्टच्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला : मूळ आकडा, त्याचे २० टक्के आणि वर २. म्हणजे ८. झटक्यातला आकडा ८ च्या वर गेला, तर मास्ट पेशी रित्या झाल्याचा तो भक्कम पुरावा, मग तो छापील मर्यादेच्या आत का असेना. ‘घबराट’ हा शब्द पाच वर्षांनी फाइलमधून खोडला गेला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. तीव्र अ‍ॅलर्जीचा रुग्ण आला की आधी अ‍ॅड्रेनालिन, त्यात क्षणाचाही उशीर नको. रुग्ण सावरल्यावर, झटका सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत, एक प्लेन बल्ब काढून त्यावर वेळ लिहावी. पूर्ण बरे वाटल्यावर, किमान २४ तासांनी, दुसरा काढावा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने अशी वेळेवर रक्त घेण्याची पद्धत २०११ मध्येच लिहून दिली. आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य विभागाने आणि खासगी रुग्णालयांनी ती कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावायला काय हरकत आहे? ही तपासणी गावात होत नसली तरी सिरम वेगळे करून थंड ठेवले की शहरात पाठवता येते.

रात्रपाळीला एक डॉक्टर आणि दोन सिस्टर, त्यात हे नवे काम कुठे, असे कुणी म्हणेल. अडचण खरी आहे. पण सलाइनसाठी शीर सापडलेलीच असते, एक नळी जास्त भरायची आहे. हल्ली थकवा, पोटफुगी, केसगळती, सगळ्यालाच मास्ट पेशींचा आजार म्हणण्याची लाट आहे, हा आक्षेपही मला मान्य आहे. कुणाची घबराट खरोखर घबराटच असते आणि तिलाही उपचार हवेत. नुसत्या अंदाजावर आजार चिकटवणे जितके वाईट, तितकेच अंदाजावर नाकारणेही. दोन्ही टाळायचे तर मोजमाप हवे. ट्रिप्टेज वाढले नाही म्हणून आजार नाहीच असे ठरत नाही, विशेषतः अन्नाच्या अ‍ॅलर्जीत. पण वाढले, तर रुग्णाला खोटे ठरवणे थांबते.

मुलीचे निदान अजून पूर्ण झालेले नाही. ‘किट’ची रक्तचाचणी निगेटिव्ह आहे, पुढचे तपास सुरू आहेत. पण आता कोणती वेदनाशामके टाळायची, शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना काय सांगायचे, पर्समध्ये कोणते इंजेक्शन ठेवायचे, हे तिला माहीत आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने घेणे बंद झाले आहे.

वाचकांनाही विनंती. घरात कुणाला असा झटका आला, तर इस्पितळात जीव सावरल्यावर हात जोडून एवढे विचारा, “डॉक्टर, ट्रिप्टेजसाठी एक बल्ब काढून ठेवता का? आणि वेळ लिहाल का त्यावर?”

आपली,
एक शिक्षिका, सांगली