रंग विटलेली गाडी

वरकुट्याचे ऊन आम्ही नव्याने सांगायला नको. दारापुढे कडुलिंब नसला तर वैशाखात गाडीच्या टपावर हात टेकवत नाही. त्यात रस्त्याची धूळ आणि बोअरचे जड पाणी. गाडी धुऊन उन्हात तशीच ठेवली की पांढरे ठिपके उठतात आणि पुढे ते निघता निघत नाहीत.

आमची गाडी तांबडी मारुती ८००. हे मॉडेल १९८३ साली आले आणि २०१४ च्या जानेवारीत बनायचे बंद झाले. आमची तर तिसऱ्या हाताची. थोरलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ती विकायची ठरली. गिऱ्हाईक आले, त्याने बॉनेटवर तळहात फिरवला, हाताला लागलेली तांबडी भुकटी आम्हाला दाखवली आणि भाव पाडला. पेंटरने सगळी गाडी रंगवण्याचा खर्च सांगितला, तर तो वाढणाऱ्या भावापेक्षा जास्त! मग आम्हीच बाह्या सरसावल्या.

रंग उडतो म्हणजे काय? रंगाचे कण धरून ठेवणारे द्रव्य उन्हातील अतिनील किरणांनी तुटते. कण मोकळे पडतात, त्यांचीच भुकटी होते. तांबड्या रंगाला हा त्रास फार. पण ही मेलेली कातडी वरवरचीच असते, खाली रंग शाबूत असतो. पॉलिशमधली बारीक खर ती कातडी खरवडून काढते, एवढेच.

आधी परीक्षा करावी. कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने पॉलिश घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर रंग एकेरी आहे. नाही आला तर वर पारदर्शक थर आहे. त्या थराचे पापुद्रे सुटत असतील तर पॉलिशचे पैसे वाया घालवू नका, तिथे पुन्हा रंगच द्यावा लागतो.

गाडी सावलीत, सकाळी धुवावी. कपड्याची पावडर नको, गाडीचा शाम्पू घ्यावा. धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे वाळूने घासणेच. पुसून कोरडी झाली की जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने एका वेळी वीतभर जागा धरून, हलक्या हाताने पॉलिश करावे. रबिंग कंपाऊंड त्याहून खरबरीत. पॉलिशने भागले नाही तरच ते घ्यावे. कंगोऱ्यांवर जोर नको, तिथे रंग सर्वांत पातळ असतो. सगळ्या थरांची मिळून जाडी मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि दर पॉलिशला त्यातले थोडे जातेच.

आमच्या टपाचे तसेच झाले आहे. पूर्वी एका ठिकाणी मशीन लावून घेतले होते. दोन दिवस आरशासारखी चमक, नंतर पाहतो तर खालचे पांढरे अस्तर उघडे! ते आता कशानेही झाकत नाही.

म्हणून पॉलिश क्वचित, मेण मात्र दर दोन-तीन महिन्यांनी. चांगल्या मेणात कार्नोबा असते. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीचे झाड उन्हात पाणी उडू नये म्हणून स्वतःच्या पानांवर ते चढवते. मेण पातळ लावावे, धुरकट झाले की पुसावे. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात. काहीजण डिझेलच्या बोळ्याने गाडी चमकवतात. ती चमक संध्याकाळपर्यंतची, आणि वर धूळ चिकटते ती वेगळीच.

दोन सकाळी घरातले सगळे राबलो. फडकी तांबडीलाल झाली. बॉनेट आणि दरवाजे उजळले, बॉनेटमध्ये कडुलिंबाची फांदी दिसू लागली. गिऱ्हाईक शनिवारी पुन्हा येणार आहे. टपावरचा पांढरा पट्टा त्याला आधी दाखवायचा, मग भाव बोलायचा, असे थोरलीनेच ठरवले आहे.