हरळी जपणारी नोकरी



दौंड-शिरूर भागात शिवारफेरीला गेले की बांधावरचे बोलणे उसातल्या हुमणीवरून सुरू होते आणि हमखास एकाच ठिकाणी येऊन थांबते. "साहेब, पोराला कुठे चिकटवता येईल का?" वाटण्या होऊन जमीन दोन-अडीच एकरांवर आलेली असते. मुलगा बारावी नाही तर कृषी पदविका झालेला असतो. घरच्यांचे डोळे पोलीस भरतीकडे किंवा कुरकुंभ-रांजणगावच्या कारखान्यांकडे लागलेले असतात, आणि दोन्हीकडे रांग मोठी. आज अशा एका खात्याविषयी लिहितो, ज्याचे नाव आपल्या घरांत सहसा निघत नाही. ते म्हणजे शहरातल्या महानगरपालिकेचे उद्यान खाते.

पुण्याला कामानिमित्त गेलो की आपण सारसबागेत तळ्यातल्या गणपतीचे दर्शन घेतो, बाहेर भेळ खातो आणि गाडीची वेळ झाली की उठतो. ती हिरवळ कोण राखतो, हे काही विचारत नाही. पुणे महापालिकेच्या लहानमोठ्या बागा दोनशेच्या वर आहेत. शेजारी पिंपरी-चिंचवडच्या वेगळ्या. या बागा आपोआप हिरव्या राहत नाहीत. तिथे माणसे लागतात, आणि जी कामे तिथे पगार देऊन शिकवावी लागतात त्यातली निम्मी आपल्या मुलांना लहानपणापासून येत असतात.

गंमत पाहा. आपण जन्मभर हरळी खणून काढतो. कुदळ चालवून, कासऱ्या वेचून, उन्हात वाळवून, जाळूनसुद्धा ती पुन्हा फुटते. शहरात तीच हरळी हिरवळ म्हणून लावतात, तिला खत-पाणी देतात, आणि तीत दुसरे गवत उगवले तर ते खुरपून काढायला माणूस ठेवतात. ज्याने दहा वर्षे हरळीशी वैर केले, त्याच्याइतकी तिची खोड दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

मात्र शेत आणि बाग यांत एक मोठा फरक आहे, आणि तो मुलाला आधीच सांगून ठेवावा. शेतात आपण उत्पन्नाकडे पाहतो. बागेत दिसणे आणि सुरक्षितता पाहावी लागते. हुमणी हिरवळीतही येते. उसात आपण तिच्यासाठी विषारी औषध वापरून मोकळे होतो. बागेत त्याच गवतावर संध्याकाळी लहान मूल लोळणार असते. म्हणून तिथे औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण आधी पाहायचा. लाल म्हणजे अति विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. लाल-पिवळ्याला बागेत हात लावू नये. मेटारायझियमसारखी बुरशी वापरावी, फवारणी करायचीच झाली तर बाग बंद असताना करावी आणि फाटकावर फलक लावावा. हे कळणारा माळी आणि नुसता पाइप धरणारा माणूस, यांच्यात पुढे पगाराचा फरक पडतो.

आता या खात्यात कोण काय करतो ते पाहू. सर्वांत खाली बिगारी. झाडलोट, पालापाचोळा गोळा करणे, माती-खत वाहणे ही त्याची कामे. त्याच्यावर माळी. कुंपणाची कातरणी, हिरवळ कापणे, आळी करणे, कलमे बांधणे, ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी, पालापाचोळ्याचे खत, रोपवाटिकेतली रोपे, सगळे त्याच्याकडे. माळ्यांच्या टोळीवर मिस्त्री किंवा पर्यवेक्षक असतो. जाहिरातीत 'हॉर्टिकल्चर मिस्त्री', 'हॉर्टिकल्चर सुपरवायझर' अशी नावे दिसतात, ती हीच. हजेरी घेणे, कोणत्या बागेला किती रोपे गेली याची नोंद ठेवणे, पाण्याची पाळी लावणे हे त्याचे काम. आपल्याकडे पाटकऱ्याला जे कसब लागते, तेच इथे लागते. त्याच्यावर उद्यान निरीक्षक, सहाय्यक उद्यान अधीक्षक आणि उद्यान अधीक्षक. या जागांना कृषी, उद्यानविद्या किंवा वनशास्त्राची पदवी मागतात. मोठ्या पदांना अनुभवही. हे अधिकारी फुलांपेक्षा कागदांतच जास्त असतात. अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप, नगरसेवकाची तक्रार. बागेची आवड आहे म्हणून या खुर्चीवर बसलेला माणूस पहिल्या वर्षी हिरमुसतो, असे माझे निरीक्षण आहे.

झाडांचे काम हे या खात्याचे वेगळेच प्रकरण आहे, आणि जोखमीचेही. महाराष्ट्रात १९७५ साली नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा झाला. त्याप्रमाणे शहरात वृक्ष प्राधिकरण असते, वृक्ष अधिकारी नेमलेला असतो, आणि स्वतःच्या अंगणातले झाड तोडायलाही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज वृक्ष' म्हणून जास्तीचे संरक्षण मिळाले. म्हणजे अर्ज आला की जागेवर जाऊन झाड पाहणारा, त्याचे वय ताडणारा, पोकळ आहे की सशक्त हे ठोकून सांगणारा माणूस लागतो. झाडांची गणनाही करावी लागते. आपल्या वडीलधाऱ्यांना खोडाकडे पाहून झाडाचे वय सांगता येते. ती विद्या आता नातवाला शिकवून ठेवा.

पण फांद्या छाटणारी टोळी ही वेगळी. पहिल्या पावसात गुलमोहराची फांदी रस्त्यावर कोसळते, कारण त्याचे लाकूड ठिसूळ आणि बुंध्याभोवती काँक्रीट केल्याने मुळे गुदमरलेली. मध्यरात्री फोन येतो, टोळी निघते. वर विजेच्या तारा असतात. आपला मुलगा चिंचेवर सरसर चढतो म्हणून तो या कामाला लायक, असे समजू नका. कमरेला पट्टा, दोर, डोक्यावर शिरस्त्राण आणि महावितरणने वीज बंद केल्याची खात्री, या चार गोष्टींशिवाय चढायचे नाही. साहेब सांगोत नाही तर ठेकेदार.

खेळ आणि करमणुकीकडची माणसे थोडी वेगळी. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक लागतो. भीमेत नाही तर घोडनदीत पोहायला शिकलेल्या मुलांनी हे लक्षात घ्यावे, की नुसते पोहता येणे पुरत नाही. बुडणाऱ्याला मागून कसे धरायचे, छाती कशी दाबायची, याचे रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते. मैदान राखणारा, तलावाचे पंप आणि गाळणी सांभाळणारा, कारंज्यांचा वीजतंत्री, फाटकावरचा रखवालदार, तिकीट कारकून, ही सगळी या पसाऱ्यातलीच मंडळी. क्रीडा अधिकाऱ्याची जागा मात्र राज्य शासनाच्या क्रीडा खात्याकडे असते आणि तिला शारीरिक शिक्षणातली पदवी उपयोगी पडते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला उभे राहिलेले शिवछत्रपती क्रीडा संकुल याच खात्याचे. तुमची मुलगी कबड्डी-खोखोत राज्यापर्यंत गेली असेल तर तिची प्रमाणपत्रे पत्र्याच्या पेटीत कुजू देऊ नका. शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते, आणि ती जाहिरात आल्यावर धावपळ करून होत नाही.

प्राणिसंग्रहालय हेही उद्यान खात्याचेच भावंड. पुण्यात १९५३ साली पेशवे पार्क झाले. पुढे १९९९ मध्ये कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभे राहिले आणि प्राणी तिकडे गेले. तिथे जनावरांची निगा राखणारे लागतात. गोठ्यात वाढलेल्या मुलाला जनावर आजारी आहे हे ते कण्हण्याआधी कळते. एवढे सांगून पुढे जातो, कारण जागा थोड्या.

शिक्षणाचे म्हणाल तर वाट एकच नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखालच्या महाविद्यालयांत कृषी आणि उद्यानविद्येची पदवी आहे. पदविका आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पुष्पोत्पादन आणि उद्यानरचनेचा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. प्रवेशाच्या अटी दरवर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. आणि शिकण्याची सर्वांत जवळची शाळा तर आपल्या रेल्वेमार्गावरच आहे. उरुळी कांचन आणि सोरतापवाडीच्या रोपवाटिका. तिथे सहा महिने पिशव्या भरल्या, कलमे बांधली, शोभेच्या पन्नास झाडांची नावे तोंडपाठ केली, तर मुलाखतीत आणि प्रात्यक्षिकात त्याचा उपयोग होतो. रोपवाटिकेत मुली-सुनाही मोठ्या संख्येने काम करतात आणि कलमात त्यांचा हात पुरुषांपेक्षा हलका असतो, हे मी स्वतः पाहिले आहे. घरातली मुलगी उद्यानविद्या शिकते म्हणाली तर "मुलीच्या जातीला मातीत कशाला" असे म्हणू नका. ती आजवर तुमच्या मातीतच राबत होती.

आता खरी गोष्ट. वर सांगितलेल्या कायम जागा थोड्या आहेत आणि त्यांची भरती वर्षानुवर्षे निघत नाही. रोजचे बागकाम बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराकडे दिलेले असते. मुलगा "महापालिकेत लागलो" म्हणतो आणि आपण पेढे वाटतो, तेव्हा तो खरे तर ठेकेदाराकडे लागलेला असतो. भीमाकाठच्या एका गावातला मुलगा मला माहीत आहे. एका शहरात बागेवर आठ महिने राबला. पगार रोखीने हातावर. "फंड कापतो" असे सांगून दरमहा पैसे वळते होत होते. शिडीवरून पडून मनगट मोडले, तेव्हा कळले की त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. फंडाचा क्रमांकही नव्हता. दवाखान्याचा खर्च बापाने कोकरे विकून भागवला.

ठेकेदाराकडे काम करू नये असे मी म्हणत नाही. घरी बसण्यापेक्षा ते बरे, आणि अनुभव मिळतो. पण पहिल्या महिन्यातच चार कागद मागून घ्यावेत. नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी, पगार बँकेत जमा झाल्याची नोंद, आणि भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक. तो क्रमांक मिळाला की मोबाइलवर आपले खाते पाहता येते. कामगाराचे बारा टक्के कापले असतील तर मालकाचा वाटाही पडलेला दिसला पाहिजे. तो पडत नसेल तर तक्रार करावी. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर काम देणारी मूळ संस्था जबाबदार असते, हे बऱ्याच कामगारांना कोणी सांगतच नाही. एकट्याने न जाता चार-सहा जणांनी मिळून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

आणि कायम जागेसाठी पैसे मागणारा कोणी भेटला, "वरपर्यंत ओळख आहे" म्हणाला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांत येते, परीक्षा होते, यादी लागते. विहिरीवरचे अर्धा एकर गहाण टाकून नोकरी विकत घ्यायला निघालेली घरे मी पाहिली आहेत. नोकरी आली नाही. जमीन सोडवता सोडवता मोटार-पाइपलाइनही गेली.

तालुक्याच्या गावी काही आहे का, असे विचाराल. लहान नगरपरिषदेत उद्यानाचे स्वतंत्र मोठे खाते सहसा नसते. बांधकाम किंवा आरोग्य पाहणाऱ्यांकडेच बाग सोपवलेली असते, आणि लावलेली झाडे मेच्या उन्हात का वाळतात याचे उत्तर त्यातच आहे. तरी कारखाने, शाळा, गृहरचना संस्था यांना बाग राखून देणारा माणूस हवा असतो. दोन मित्रांनी मिळून गवत कापायचे यंत्र आणि कातऱ्या घेतल्या, तर रांजणगावच्या वसाहतीत महिनेवारीने काम मिळू शकते. तिथे ठेकेदार तुम्हीच. तेव्हा वरचे चार कागद तुमच्या मजुरांनाही द्या.

मुलगा दौंडहून रोज गाडीने जाणार असेल तर कामाची वेळ आधी विचारून घ्यावी. बागा पहाटे सहाच्या सुमारास उघडतात. फाटकावरची पाळी मिळाली तर गावाहून ये-जा जमत नाही. देखभालीची दिवसपाळी असेल तर जमते. मागे शेत कोण पाहणार, हेही घरात बसून बोलावे, आणि त्या बोलण्यात सुनेला किंवा आईला विचारावे, कारण कालव्याचे आवर्तन रात्री आले तर दारे धरायला तीच जाणार आहे. भाजीपाल्याला रोजचा माणूस लागतो, तो कमी करावा लागेल. ठिबक बसवले तर निभते. खडकवासल्याचा हा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून वाहत हवेली, दौंड आणि पुढे इंदापूरला येतो. म्हणजे मुलगा दिवसा शहरात ज्याच्या काठाने फिरेल, त्याचेच पाणी रात्री त्याची आई उसाला देत असेल.

हे सगळे एकदा डोळ्यांनी पाहायचे असेल तर जानेवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, पुण्याला रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. ही बाग महापालिकेची नव्हे. १८३० साली स्थापन झालेल्या कृषी-उद्यान संस्थेची आहे. मुलाला किंवा मुलीला घेऊन जा. फुले पाहून झाली की कुंड्या मांडणाऱ्या माळ्यांशी बोला. कुठे काम करता, कसे लागलात, हातात किती पडतात, फंड कापतात का, हे विचारा. शेतकरी आहे म्हटले की ते मोकळेपणाने सांगतात. सकाळच्या गाडीने गेलेले बरे, दुपारनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.