पाणजूला जाण्याआधी

ईदनंतरच्या सुट्टीत मुलांना गर्दी नसलेला किनारा हवा होता. आम्ही पाणजू सुचवले. नायगाव आणि भाईंदरच्या मधले, वसईच्या खाडीतले हे बेट लोकलमधून रोज दिसते. गावाला रस्ता नाही. नायगावहून होडीने जायचे. होडी नसली की गावकरी रेल्वेपुलावरून चालतात. गाडीतून खाडीत भिरकावलेले नारळ, निर्माल्य त्यांच्या अंगावर येते.

हे सांगताना आम्हीच अडखळलो. गेल्या वर्षी जीर्ण धार्मिक कागदांची जड पिशवी, अदब म्हणून, याच पुलावर लोकलच्या दारातून आम्ही सोडली होती. खाली कोण होते, पाहिले नव्हते.

आता सुट्टीच्या दिवशी जाऊ. शाळेच्या दिवशी होडीतली जागा दप्तरवाल्या मुलांची. डबा घरचा, कचरा परत पिशवीत. परतीची होडी आधीच विचारून ठेवायची.