राकेश शर्मांच्या शेजारी कोण बसलं होतं?

गणपतीला मालवणला गेलो होतो. रात्री खळ्यात गप्पा रंगल्या असताना भाच्यानं विचारलं, "मामा, राकेश शर्मा एकटेच गेले होते काय?" चार इंजिनियर बसलो होतो मंडळी, एकालाही बाकीची दोन नावं सांगता येईनात!

कमांडर युरी मालिशेव आणि फ्लाइट इंजिनियर गेनादी स्त्रेकालोव. ३ एप्रिल १९८४, सोयुझ टी-११. तिघांनाही आपण अशोक चक्र दिलं, आणि दोघांना विसरून गेलो.

या स्त्रेकालोवचं बघा. त्याआधी जेमतेम सहा महिने, २६ सप्टेंबर १९८३ ला, तो आणि व्लादिमीर तितोव बायकोनूरला रॉकेटच्या टोकावर बसलेले. उड्डाणाला दीडेक मिनिट उरलं असताना खाली इंधन सांडून आग लागली. सुटकेच्या यंत्रणेच्या वायरीच जळाल्या, त्यामुळे जमिनीवरून रेडिओनं हुकूम द्यावा लागला. कॅप्सूल उडाली आणि काही सेकंदांत रॉकेट फुटलं. तरी हा बुवा एप्रिलमध्ये पुन्हा तयार.

म्हणजे भित्रा नक्कीच नव्हता. पण १९९५ साली मीर स्थानकावर त्याला आयत्या वेळी आणखी एक स्पेसवॉक करायला सांगितलं, तेव्हा धोका आहे म्हणून त्यानं चक्क नकार दिला. जमिनीवरच्या साहेबांनी दंड ठोठावला.

माझं भांडण इथेच आहे. आमच्या जेटीवर इंजिन बघणारा "आज बोट जावची नाय" म्हणाला की तांडेल त्याच्याशी वाद घालत नाही. मी पाहिलंय. आणि आपण आयटीवाले? टेस्टिंग न झालेल्या रिलीजला मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी "हो" म्हणालो होतो. शनिवार-रविवार सर्व्हरपुढे गेला, क्लायंटच्या शिव्या खाल्ल्या, आणि सोमवारी मला काय मिळालं? "स्टार परफॉर्मर"चं सर्टिफिकेट! स्वतः लावलेली आग स्वतःच विझवली म्हणून :) टीममधल्या ज्या मुलीनं त्याच रिलीजला मेलवर लेखी नकार दिला होता, तिच्या अप्रेजलमध्ये "निगेटिव्ह ॲटिट्यूड" लिहून आलं. तेव्हा मी गप्प बसलो. कुणीच काही बोललं नाही.

तिनं पुढे नोकरी सोडली. सर्टिफिकेट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.