हातोडा आणि सही

जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी ओलांडून निवर्तले. तेव्हापासून भिलाईच्या सेक्टर १० मधील आमच्या मराठी मंडळींत एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘अध्यक्ष म्हणून सामान्य, माजी अध्यक्ष म्हणून थोर.’ मला ते मुळीच मान्य नाही. त्यात खुर्चीवरील कामाची उपेक्षा तर आहेच. शिवाय निवृत्तीनंतरच्या पुण्याने आधीचा हिशेब चुकता होतो, अशी सोयीची समजूतही दडली आहे. (आम्हा सरकारी अधिकाऱ्यांना ही समजूत विशेष प्रिय!)

२००६ साली कार्टर लोणावळ्याजवळच्या पाटण गावी स्वयंसेवकांसह घरे बांधायला आले होते. संकल्प शंभर घरांचा. ८२ व्या वर्षी हातोडा उचलणाऱ्या माणसाविषयी आदरच वाटतो. पण याच माणसाच्या मध्यस्थीने १९७८ साली कॅम्प डेव्हिडचा समझोता झाला, आणि त्यानंतर इजिप्त व इस्रायल यांच्यात युद्ध झालेले नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये महागाई आवरण्यासाठी त्यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हवर नेमले. व्याजदर भडकले, १९८० ची निवडणूक हातची गेली, आणि महागाई उतरल्याचे श्रेय रेगन यांच्या पदरात पडले. ही नेमणूक ‘सामान्य’ कशी?

उलट बाजूही पदाच्याच खात्यावर मांडली पाहिजे. तारापूरला समृद्ध युरेनियम पुरवण्याचा करार १९६३ चा. १९७८ च्या कायद्यावर सही करून कार्टर यांनी त्यावर नव्या अटी लादल्या. १९८० मध्ये त्यांनीच एका पुरवठ्याला मंजुरी दिली, हे खरे. तरी एकतर्फी अट ती एकतर्फीच. पाटणची घरे तारापूरच्या खात्यात जमा करता येत नाहीत.

राहिला नारू. १९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. कार्टर यांच्या संस्थेने नेटाने चालवलेल्या मोहिमेनंतर २०२३ मध्ये १४ उरले. लोक याला दानधर्म म्हणतात. मुळात ते प्रशासन आहे : पाणी गाळायचे कापड, गावोगावची रुग्णनोंद, महिन्याचा अहवाल. हेच काम भारतात पगारी आरोग्य कर्मचाऱ्यांनी केले, तेही पदावर असताना. पायविहिरींच्या जागी हातपंप आले, तळ्यांत औषध पडले, राजस्थानात १९९६ साली शेवटचा रुग्ण सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला, तोवर त्यांतले कित्येकजण मुकाट्याने निवृत्तही झाले असतील.