आधी पंपगृहाचे बिल वाचा

धनेगावला मांजरा धरणातून उचललेले पाणी हरंगुळच्या शुद्धीकरण केंद्रात येते आणि तिथून लातूरच्या जलकुंभांत चढते. नांदेडकरांचे पाणी विष्णुपुरीच्या जलाशयातून पंपांनीच शहरात आणावे लागते. दोन्ही महापालिकांच्या वीजबिलांच्या गठ्ठ्यात सगळ्यात जड कागद या पंपगृहांचे. बिल भरणारा लिपिक लेखा विभागात बसतो, ते वाचता येणारा अभियंता विद्युत विभागात, आणि पंप किती वाजता सुरू करायचा हे ठरवतो पाणीपुरवठा विभाग. तिघे एका टेबलाशी बसल्याचे फारसे कुणी पाहिलेले नाही. स्वच्छ विजेबद्दल आम्हाला या महिन्यात जे म्हणायचे आहे ते या तिघांना उद्देशून आहे.

खुल्या वीजबाजाराची चर्चा आपल्याकडे वीस वर्षे चालू आहे. 2003 च्या कायद्याने निर्मितीचा परवाना काढून टाकला आणि मोठ्या ग्राहकाला महावितरणच्या तारांवरून दुसऱ्याची वीज आणण्याची मुभा दिली. घरगुती ग्राहकाच्या वाट्याला मात्र त्यातले काही आले नाही. मुंबईत टाटा की अदानी असा प्रश्न ग्राहकाला पडू शकतो. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत तो पडत नाही. एकाच भागात अनेक वितरण कंपन्या आणू पाहणारे विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि सतराव्या लोकसभेबरोबर संपले.

अमेरिकेतल्या काही राज्यांत पालिका याच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. मॅसॅच्युसेट्सने 1997 साली आणि कॅलिफोर्नियाने 2002 साली कायदा करून पालिकांना आपल्या हद्दीतल्या सगळ्या घरांसाठी एकत्र वीज खरेदी करण्याचा अधिकार दिला. तारा आणि खांब जुन्याच कंपनीचे, खरेदीचा निर्णय पालिकेचा, आणि ज्याला नको त्याने कळवून बाहेर पडायचे. मरिन परगण्याने 2010 मध्ये ही योजना सुरू केली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिथल्या वीज कंपनीने अशा योजनांना मतदारांची दोन तृतीयांश संमती सक्तीची करण्यासाठी चार कोटी डॉलरहून अधिक खर्चून सार्वमत लढवले आणि ती हरली. तरीही सोडून जाणाऱ्या ग्राहकांकडून जुन्या करारांचा भार वसूल करणारे शुल्क तिथे राहिलेच. क्रॉस सबसिडी अधिभाराशी झुंजणाऱ्या आपल्या वाचकांना यात ओळखीचे काही दिसेल.

नागरिकांच्या वतीने वीज विकत घेण्याचा असा अधिकार आपल्या महापालिकांना नाही, आणि तो मिळेपर्यंत थांबायचे कारणही नाही. महापालिका स्वतः मोठी ग्राहक आहे. केंद्राच्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियमांनी जून 2022 मध्ये पात्रतेची मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली. अर्जावर पंधरा दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे मानायचे, हीसुद्धा त्यातच तरतूद. पुढे दुरुस्ती होऊन एकाच विद्युत विभागातल्या अनेक जोडण्यांचा भार एकत्र मोजायची सोय झाली. इथे लातूरने सावध राहायला हवे. धनेगाव केज तालुक्यात, म्हणजे बीड जिल्ह्यात येते. तिथल्या उपशाची जोडणी शहरातल्या जोडण्यांच्या बेरजेत धरता येणार नाही. तिचा अर्ज वेगळा, हिशेब वेगळा.

त्याहून महत्त्वाची तरतूद जुनी आहे. स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या प्रकल्पाच्या विजेवर क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. 2005 च्या नियमांनुसार प्रकल्पात किमान 26 टक्के भांडवली मालकी आणि किमान 51 टक्के वापर एवढे दाखवले की तो स्ववापराचा ठरतो. अतिरिक्त अधिभाराचा वाद महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 10 डिसेंबर 2021 रोजी निकाल स्ववापर करणाऱ्या ग्राहकांच्या बाजूने लागला. गट-स्ववापराचे हे दार आजवर कारखानदारांनीच वापरले. नांदेड आणि लातूर यांनी मिळून एक निविदा काढली, सोबत परभणीला घेतले, तर विकासकाला मोठा आणि वर्षभर चालणारा ग्राहक मिळेल आणि घासाघीस करायला आपल्या बाजूला बळ येईल. मालकीच्या प्रमाणात वापर राखण्याची अट आहे, म्हणून भागभांडवलाची वाटणी पंपांच्या प्रत्यक्ष वापरावरून करावी लागेल, अंदाजाने नाही.

आता पंप. सौरवीज दिवसा येते आणि आपले बरेच पंप रात्री धावतात, कारण वर्षानुवर्षे रात्रीची वीज स्वस्त होती. ते गणित उलटते आहे. जून 2023 च्या केंद्रीय नियमांचा रोख सूर्यप्रकाशाच्या तासांत दर उतरवण्याचा आहे. उंच टाक्या दुपारी भरून ठेवल्या तर पाण्याची टाकीच विजेचा साठा होते, त्यासाठी बॅटरी घ्यावी लागत नाही. बँकिंगवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की दुपारी जमा केलेले युनिट संध्याकाळच्या महाग तासांत वळते होत नाहीत. म्हणून आमचे मत असे की पथदिवे या हिशेबातून आधी काढून टाकावेत. ते रात्री जळतात, शेकडो लघुदाब जोडण्यांत विखुरलेले असतात, आणि उद्घाटनाच्या फोटोखेरीज त्यांतून सौरखरेदीला काही मिळत नाही. तिथे एलईडी आणि चालू स्थितीतले टायमर एवढे पुरे.

पंपगृहाच्या आवारातच पॅनल लावणाऱ्यांसाठी एक तपशील. उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर निघते. पॅनल किलोवॅट भागवतात, मोटारीला लागणारे रिॲक्टिव्ह मात्र ग्रिडवरूनच येत राहते. त्यामुळे मीटरवर पॉवर फॅक्टर घसरतो आणि अपेक्षित बचतीतला एक भाग गुपचूप जातो. बिलात दंडाची वेगळी ओळ नसल्याने लेखा विभागाला ते कळतही नाही. एपीएफसी पॅनलमधले बाद झालेले कपॅसिटर बदलणे हे सौर प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातले पहिले कलम असावे.

आपल्याच राज्यात पिंपरी-चिंचवडने मोशीला कचऱ्यापासून वीज करणारा 14 मेगावॅटचा प्रकल्प उभारला. 1 ऑगस्ट 2023 रोजी त्याचे उद्घाटन झाले. तिथली वीज महापालिका 5 रुपये युनिटने घेऊन आपल्याच पाणीपुरवठ्याला वापरते. अनुकरण करायचे ते या खरेदीच्या रचनेचे. भट्टीचे नको: 2011 च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचे आणि लातूर पावणेचार लाखांच्या थोडे वर होते, एवढ्या वस्तीच्या सुक्या कचऱ्यावर तसला प्रकल्प पोसणे कठीण. इंदूरने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे विक्रीला काढले ते जलूदच्या नर्मदा उपशासाठी, 60 मेगावॅट सौरविजेकरिता. रोखे आज आपल्या दोन्ही महापालिकांना झेपणारे नाहीत, हे मान्य करून विकासकाच्या भांडवलावर चालणारा मार्गच धरावा.

झेपत का नाही, याचे उत्तर थकबाकीत आहे. महावितरणचे देणे तुंबलेल्या पालिकेबरोबर पंचवीस वर्षांचा करार करायला कोणती बँक विकासकाला कर्ज देईल? वीजबिलासाठी स्वतंत्र खाते आणि त्यात पाणीपट्टीचा ठरावीक हिस्सा आपोआप जमा होण्याची व्यवस्था ही निविदेच्या आधीची पायरी आहे. दुसरी अडचण ठरावाची. 2022 साली दोन्ही महापालिकांची मुदत संपून प्रशासक आले, आणि पाव शतकाचा करार प्रशासकाच्या सहीवर उभा राहणे विकासकालाही धोक्याचे वाटते. सर्वसाधारण सभेचा ठराव हाच त्याला भक्कम आधार.

ग्रामपंचायतींचे गणित निराळे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रकल्प झालेल्या गावाला वर्षाला 5 लाख असे तीन वर्षांत 15 लाख रुपये मिळतात. पण गायरान देताना गुरांची वहिवाट कुठून जाते हे ग्रामसभेत आधी बोलले जावे. मागाहून काम अडते ते तिथेच.

ज्यांना हे सारे महागडे लाड वाटतात त्यांनी दोन तारखा आठवाव्यात. फेब्रुवारी 2013 मध्ये परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. कोळशाच्या विजेलाही पाणीच लागते, आणि ज्या वर्षी मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यात ते नसते त्या वर्षी साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आखडतो, म्हणजे बगॅसची वीजही आखडते. ऊन तेवढे त्या वर्षी जास्तच असते.

पुढच्या अंकात उच्चदाब पाणीपुरवठा वर्गवारीसाठी वहन आकार, वहन हानी आणि अधिभार धरून एका युनिटचा पूर्ण हिशेब मांडणार आहोत. औद्योगिक ग्राहकांचे तयार तक्ते सगळीकडे फिरतात, ते आपल्या वर्गवारीला लागू नाहीत. कोणत्याही एका पंपगृहाची मागच्या बारा महिन्यांची बिले ग्राहक क्रमांक झाकून आमच्याकडे पाठवा. सोबत पंप चालू-बंदच्या नोंदवहीची पाने हवीत, कारण बिलातून युनिट कळतात, पंप कुणाच्या सांगण्यावरून रात्री चालला ते कळत नाही.