सरकारी इमारती जरूर बघा, पण पाहुणे म्हणून नको

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन लागले की आपल्या भागातल्या तरुणांची एक चक्कर ठरलेलीच असते. मोहाडीहून आम्ही काही मित्रही भंडारामार्गे गेलो. आमदारांच्या शिफारशीने पास काढला, झडती दिली, प्रेक्षक गॅलरीत बसून कामकाज पाहिले. नंतर सिव्हिल लाईन्समध्ये फिरून १९४० साली उघडलेली हायकोर्टाची घुमटवाली इमारत बाहेरून पाहिली. इमारती देखण्या आहेत, यात वाद नाही. वाद पुढचा आहे.

परतताना आमच्यातच दोन तट पडले. एकाचे म्हणणे होते, "आपले आजोबा ज्या कचेरीच्या पायरीवर चढू शकत नव्हते, तिथे आपण खुर्चीवर बसलो. आणखी काय पाहिजे?" दुसरा म्हणाला, "हे सत्ताधाऱ्यांचे वाडे. आपण तिथे जायचेच कशाला?" आमच्या मते दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, आणि चळवळीला दोन्ही महागात पडतात.

पहिल्या मित्राचा आनंद आम्हाला कळतो. पण 'खुले' या शब्दाचा आपला अनुभव काय आहे? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. त्याने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळाच नव्हे, तर सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखानेही अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याच्या पाण्याला आपला हात लागला नाही. कागदावर खुले होणे आणि खरोखर खुले होणे यांत जे अंतर असते, ते चालून जावे लागते. बाबासाहेब ते चालून गेले.

आज हे अंतर वेगळ्या रूपात उभे आहे. इमारत बघणाऱ्याला खुली असते, मागणाऱ्याला नसते. अधिवेशनाच्या त्याच दिवसांत, त्याच शहरात, पासवाला आत जातो आणि मोर्चेकरी बॅरिकेडवर अडवला जातो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आदिवासी म्हणून मान्यता मागायला गोवारी बांधव विधानभवनावर गेले. मोर्चा वाटेतच अडवला गेला, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसे गेली. त्यात बाया होत्या, लेकरे होती. ती माणसे इमारत बघायला गेली नव्हती. कुणीतरी बाहेर येऊन त्यांचे ऐकावे, एवढेच त्यांना हवे होते. नागपूरला जाऊन विधानभवनाचा फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने गोवारी स्मारकासमोर पाच मिनिटे उभे राहिलेच पाहिजे.

आणि हायकोर्टाचा तो घुमट? आपण मोहाडी तालुक्याचे. खैरलांजी आपल्याच तालुक्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. खालच्या कोर्टाने ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलल्या आणि या हत्याकांडामागे जात नव्हती, सूड होता, असे मानले. फाशी असावी की नसावी हा वेगळा प्रश्न. पण साऱ्या गावाला दिसणारी जात न्यायालयाला दिसत नसेल, तर आपण त्या घुमटाच्या उंचीचे कौतुक किती करायचे?

म्हणून दुसऱ्या मित्राचे बरोबर ठरते का? नाही. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोतीविरोधी विधेयक विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्याच विधिमंडळावर नेला. आत विधेयक, बाहेर मोर्चा. त्यांनी दोन्ही दारे वापरली. १९५४ मध्ये ते याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. ज्या सभागृहात जाण्यासाठी त्यांनी आपल्या जिल्ह्याकडे मत मागितले, त्या सभागृहाला 'वाडा' म्हणून पाठ दाखवायचा अधिकार आपल्याला नाही. आपण पाठ दाखवली की जागा रिकामी राहत नाही, दुसरा बसतो.

तेव्हा जा, पण मालक म्हणून जा. मालक घराचा घुमट बघत नाही, हिशेबाची वही उघडतो. ती वही उघडायचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दिला आहे. नुसती माहिती मागण्याचा नव्हे, कार्यालयात बसून कागदपत्रांची पाहणी करण्याचा, टिपणे घेण्याचा, प्रती घेण्याचा हक्क. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असली पाहिजे आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात गेल्या दोन वर्षांत किती बैठका झाल्या? इतिवृत्तात काय लिहिले आहे? किती पीडितांना अर्थसाहाय्य मिळाले, किती प्रकरणे तपासात अडली? हे आपल्यापैकी कितीजणांनी जाऊन वाचले आहे?

आमचा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक गावातल्या चार-पाच तरुणांनी वर्षातून एक दिवस असा काढावा. डबा बांधावा, वही-पेन घ्यावे, आधी रीतसर अर्ज करून ठेवावा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात ही इतिवृत्ते वाचायला बसावे. सोबत एक तरी बहीण असावी आणि एक तरी असा मुलगा असावा, जो आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत शिरतो आहे. साहेबासमोर उभे न राहता खुर्ची मागून बसायचे, हेही त्याला तिथेच शिकता येईल. वाचलेले गावात येऊन विहारात सांगावे. आणि जे इतिवृत्तात नाही, त्याची यादी करून पुढच्या अधिवेशनाच्या मोर्चात घेऊन जावी.

जय भीम!